एकोणिसावा वाचक

त्या दुपारी माझ्या पानावर एकोणीस वाचक होते.

पानाच्या कोपऱ्यात एक छोटा आकडा असतो. या क्षणी किती जण हे पान उघडून बसले आहेत, ते तो सांगतो. आकडा दिसला की त्याची फोड करायची, ही माझी जुनी खोड. तर—अकरा यंत्रं. ती माणसं नव्हेतच. जगातलं प्रत्येक पान उघडून बघत हिंडणारे शोधयंत्रांचे ते कारकून. तीन मी स्वतः: प्रयोगशाळेतला संगणक, हातातला फोन आणि खोलीवर बंद करायचा राहिलेला जुना लॅपटॉप. एक आई. तिला यातलं काही कळत नाही, पण मुलीचं पान उघडं असलं की घरात कोणीतरी असल्यासारखं वाटतं, म्हणून ती ते समोर ठेवून भाजी निवडते. एक दादा, तो वाचत नाही, आईनं दटावल्यामुळे उघडतो. एक निवृत्त मास्तर, जे रोज एकच प्रतिक्रिया देतात: ‘छान.’ आणि एक भांडखोर, तोही रोज एकच प्रतिक्रिया देतो: ‘सगळे चोर.’

झाले अठरा.

मग एकोणिसावा कोण?

पान कसलं, तेही सांगायला हवं. मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. लोक बाटल्या घेऊन येतात—विहिरीचं, नळाचं, टाकीचं पाणी—आणि मी त्यातला गढूळपणा, क्षार, जंतू मोजून देते. नमुना यंत्रात ठेवला की आकडा स्थिर व्हायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ हात बांधून बसावं लागतं. या शहरात नवी आले तेव्हा तो वेळ मला खायला उठायचा. प्रयोगशाळेत मी आणि यंत्रं. खोलीवर मी आणि पंखा. एकदा सहज सभागृहाचं थेट प्रक्षेपण लावलं, आणि ते मला आवडलं. तिथे एक माणूस बोलतो आणि बाकीचे ऐकतात. निदान नियम तरी तसा आहे. उठून उभ्या राहिलेल्या माणसाला कोणीतरी ‘माननीय सदस्य’ म्हणून हाक मारतं. मला कित्येक दिवसांत कोणी काहीच म्हटलं नव्हतं.

मग मी त्या कामकाजावर लिहायला लागले. आत्ता काय चाललंय, हा कुठला नियम, या मतदानाचा अर्थ काय. टोपणनाव घेतलं ‘मोजपट्टी’. वाचक अठरा. त्यात माणसं कमीच.

त्या दुपारी एक ठराव मंजूर झाला. मी लिहिलं, ‘एकमताने मंजूर.’

थोड्याच वेळात खाली एक ओळ उमटली.

‘एकमताने नाही. आवाजी मतदानाने. डावीकडच्या शेवटच्या बाकावरचे तिघे “नाही” म्हणाले. मतविभाजन, म्हणजे डोकी मोजणं, कोणी मागितलं नाही, एवढंच.’

नाव होतं ‘पोटनियम’.

मी प्रक्षेपण मागे नेऊन पुन्हा ऐकलं. ‘हो’चा गलका ऐकू आला, ‘नाही’ कुठेच नाही. माईक बोलणाऱ्याच्या पुढचा तेवढा चालू असतो, शेवटच्या बाकावरचं पुटपुटणं त्यात येणार कसं? मी लिहिलं, ‘प्रक्षेपणात ऐकू येत नाही. पुरावा?’

‘माझे कान.’

‘कान हे मोजायचं साधन नव्हे.’

‘माझे आहेत. बघाल तेव्हा पटेल. जरा मोठेच आहेत.’

मी हसले. आणि दचकले... कारण त्या भिंतींमध्ये माझं हसणं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

दुरुस्ती टाकली. मास्तर म्हणाले, ‘छान.’ भांडखोर म्हणाला, ‘सगळे चोर.’

* * *

त्यानंतर तो रोज यायला लागला. माझी चूक झाली की खाली एक ओळ. चूक झाली नाही की दुसरीच काहीतरी ओळ, म्हणजे उगाचच.

‘आज मोजपट्टीबाई गप्प गप्प?’

‘आज सभागृहच गप्प आहे, पोटनियमराव. गणपूर्ती नाही. घंटा वाजतेय आणि कोणी आत येत नाहीये.’

‘ती घंटा ऐकलीत कधी जवळून? जेवण झालेला माणूस पुन्हा जेवायला उठेल, अशी वाजते.’

‘तुम्ही ऐकलीय वाटतं?’



आणि एकदा—

‘आज तुम्ही उशिरा आलात. पहिला प्रश्न संपला.’

‘हजेरी घेता की काय?’

‘घेते. कोपऱ्यात आकडा असतो माझ्या.’

‘म्हणजे मी आलो की तुम्हाला कळतं?’

‘एकोणीस होतात.’

यंत्रातला नमुना स्थिर झाला, मी तो काढून दुसरा ठेवला. मग ओळ आली.

‘इतक्या नेमकेपणानं मी आजवर कुणाच्या मोजणीत आलो नव्हतो.’

ती ओळ मी फोनवर टिपून ठेवली नाही. तशीच पाठ झाली.

हळूहळू थोडं थोडं कळत गेलं. त्याला वांगं आवडत नाही. त्याला कोणी मोठ्यानं बोललेलं आवडत नाही, आणि दिवसभर तेच ऐकावं लागतं. मी पाणी मोजते हे मी सांगितलं. गोदामांच्या गल्लीत पाण्याची प्रयोगशाळा एकच आहे, हेही सांगितलं. हे सांगायची गरज नव्हती, हे लिहून झाल्यावर लक्षात आलं.

‘आमच्या नळाला कधी कधी मातकट पाणी येतं,’ तो म्हणाला.

‘मग बाटली घेऊन या.’

‘बघू...’

‘बघू’ म्हणणारी माणसं कधी येत नाहीत, हे मला नमुने घ्यायच्या खिडकीवर बसून माहीत झालेलं आहे.

माझ्या स्वभावात एक दोष आहे—गोष्ट गोड लागली की मी ती मोजायला घेते. त्याच्या ओळी कुठल्या वेळी येतात, त्याचा मी आलेख काढला. एक गोष्ट लगेच दिसली. तो मधूनच दहा मिनिटं नाहीसा व्हायचा. नेमकी दहा. मग बराच वेळ तुटक तुटक, घाईत असल्यासारखं, मग निवांत. पुन्हा दहा मिनिटं गुडुप. असं तालात, रोज.

चहाला उठणारा माणूस इतका नेमका नसतो.

मग मी शोधलं. सभागृहाच्या मधोमध एक टेबल असतं. तिथे लघुलेखक बसतात, त्यांना प्रतिवेदक म्हणतात. सभागृहात उच्चारलेला शब्द न् शब्द ते हातानं टिपतात. दहा मिनिटं झाली की पुढचा येऊन बसतो, आधीचा उठतो आणि टिपलेलं टंकायला जातो. ते कधी बोलत नाहीत. कधी हसत नाहीत. वर बघायचं नाही, असा त्यांचा शिरस्ता आहे. वर बघितलं तर एखादा शब्द निसटतो.

म्हणजे माझ्याशी रोज बोलणारा माणूस दिवसभर शेकडो लोकांच्या मधोमध बसून गप्प असायचा. माझ्यासारखाच. फक्त माझ्याकडे बाटल्या होत्या.

त्याला मी यातलं काही सांगितलं नाही. गृहीतक सिद्ध झाल्याशिवाय तोंड उघडू नये, असं आम्हाला शिकवलंय. मी एक प्रयोग ठरवला.

सभागृहात एक वयस्कर सदस्य आहेत. ‘हा शेवटचा मुद्दा मांडतो आणि बसतो,’ असं म्हणतात आणि बसत नाहीत. आम्ही त्यांना ‘शेवटचे आजोबा’ म्हणायचो.

‘उद्या आजोबा बोलणार आहेत,’ मी लिहिलं. ‘किती वेळा “शेवटचा मुद्दा” म्हणतील?’

‘चार.’

‘मी पाच म्हणते. चुकेल त्यानं चहा पाजायचा.’

‘पाजायचा? म्हणजे... समोरासमोर?’

‘चहा दुरून पाजता येतो का?’

‘नियम बघून सांगतो,’ तो म्हणाला. आणि सांगितलं नाही.

* * *

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून प्रेक्षक गॅलरीचा पास काढला.

दारावर फोन काढून घेतला आणि पितळी बिल्ला दिला. आत पहाऱ्यावरच्या बाईंनी मला पहिल्या रांगेत बसवलं आणि सगळं एका दमात सांगून टाकलं, “बोलायचं नाही, टाळ्या नाहीत, खाली वाकायचं नाही, लिहायचं नाही, हात कठड्यावर ठेवायचे नाहीत, झोप आली तर बाहेर जायचं.”

“झोप नाही यायची.”

“सगळे हेच म्हणतात.”

वरून सभागृह लहान दिसत होतं. प्रक्षेपणात दिसतं त्यापेक्षा रिकामं. मधोमध ते टेबल. टेबलापाशी अंबाडा घातलेली एक बाई झपझप लिहीत होती. थोड्या वेळानं एक टक्कल पडलेले गृहस्थ येऊन बसले, ती उठून गेली. इतक्या अलगद, की बोलणाऱ्या सदस्याला पत्ताही लागला नाही. मग ते उठले, आणि राखाडी शर्टातला एक जण आला.

कान खरंच मोठे होते.

मागच्या उंच खिडकीतून उजेड येत होता आणि त्या कानांच्या कडा लालसर दिसत होत्या, कोवळ्या पानासारख्या. मान खाली. उजवा हात पळत होता. माझ्या छातीत काय चाललंय ते मोजायला माझ्याकडे साधन नव्हतं.

तेवढ्यात आजोबा उठले. माझं नशीब म्हणा.

“हा शेवटचा मुद्दा मांडतो आणि बसतो,” ते म्हणाले.

राखाडी शर्टाचा डावा हात टेबलाच्या कडेवर मिटलेला होता. त्यातलं एक बोट उघडलं.

आजोबा पाटबंधाऱ्यांकडून रस्त्यांकडे वळले. “शेवटचा मुद्दा...” दुसरं बोट. रस्त्यांवरून शाळांकडे. तिसरं. मी ओठ दाबून धरले. लिहिणारा हात क्षणभरही थांबत नव्हता. आणि हा दुसरा हात, कोणाला दिसणार नाही असा, माझ्याशी लावलेली पैज मोजत होता. चौथं बोट उघडलं आणि तो हात तिथेच थांबला. चार झाले होते. आता आजोबांनी बसावं, अशी त्याची इच्छा मला वरून दिसत होती.

“आणि एक शेवटचा मुद्दा—”

अंगठा उघडला. पाच.

आणि माझा हात वर गेला. मी नेला नाही... तो गेला. पाच बोटं पसरून, कठड्याच्या वर.

“ओ ताई!” पहारेकरीणबाई माझ्या कानाशी कुजबुजल्या, पण ती कुजबुज अख्ख्या गॅलरीला ऐकू गेली. “खुणा नाही करायच्या! उठा, चला.”

त्यानं वर बघितलं.

त्याचा उजवा हात थांबला. त्यानं माझा चेहरा बघितला, पसरलेली बोटं बघितली, स्वतःचा पसरलेला पंजा बघितला. आणि ते कान... टोकापासून मुळापर्यंत लाल होत गेले. मग अध्यक्षांनी मान वळवून तो बघत होता तिकडे बघितलं. बाईंनी मला दंडाला धरून उठवलं.

बाहेर आल्यावर बिल्ला देऊन फोन घेतला आणि पायऱ्यांवरच लिहिलं, ‘पाच. चहा?’

उत्तर आलं नाही. संध्याकाळी कोपऱ्यात आकडा होता अठरा. दुसऱ्या दिवशी अठरा. त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

* * *

अधिवेशन संपलं. सभागृहाची मुदत संपली, निवडणुका लागल्या. मी लिहीत राहिले—उमेदवारी अर्ज कसे तपासतात, चिन्हं कशी मिळतात. काहीही लिहिलं तरी ‘छान’ आणि ‘सगळे चोर’.

कारणांचा मी विचार केला. एक, माझा चेहरा आवडला नसेल. दोन, माझ्यामुळे त्याची नोकरी गेली असेल. पहिल्यानं मला रडू यायचं, दुसऱ्यानं झोप जायची. निष्कर्ष काढायला माहिती पुरेशी नव्हती. एकदा सभागृहाच्या फाटकापर्यंत जाऊन आले. “आता काय, निकालानंतरच,” फाटकावरचा माणूस म्हणाला.

खोलीवर पंखा फिरायचा. प्रक्षेपणाच्या जागी निळा पडदा दिसायचा. नळ नीट बंद केला नाही तर थेंब पडायचा आणि मी तो बंद करायला उठायची नाही. काहीतरी वाजत राहायचं.

आईचा फोन आला. “तो नियम सांगणारा मुलगा हल्ली येत नाही का गं?”

“मुलगा कशावरून? साठ वर्षांचा असेल.”

“साठ वर्षांचा माणूस ‘आज मोजपट्टीबाई गप्प गप्प’ असं लिहीत नाही.”

“आई! तू वाचतेस?”

“मग काय नुसती भाजी निवडते? मास्तरांचं ‘छान’ आलं की मीही इकडे ‘छान’ म्हणते.”

मला एकदम भरून आलं. “मी त्याला बघायला गेले होते गं. न सांगता. बहुतेक... घाबरवलं मी त्याला.”

“जेवलीस का?” आई म्हणाली.

“हो.”

“खोटं बोलू नकोस. भाताला कुकर लाव आधी.”

* * *

निकालाच्या दिवशी प्रयोगशाळा चालू होती. आदल्या दिवशीच्या पावसानं शहराचं पाणी गढूळ झालं होतं आणि खिडकीत बाटल्यांची रांग लागली होती. गर्दी ओसरल्यावर मी संगणक उघडला. निकाल बघायला सगळं जग मोठ्या वाहिन्यांकडे गेलेलं. माझ्याकडे नेहमीचेच येणार.

आकडा होता एकोणीस.

मी पुन्हा फोड केली. अकरा यंत्रं. तीन मी. आईला फोन केला: एकच फोन उघडा होता. दादाला केला.

“उघडलंय, उघडलंय. आईला सांग,” तो म्हणाला.

“एकाच फोनवर ना?”

“दोनवर कशाला उघडू? शिक्षा आहे का?”

मास्तरांचं ‘छान’ मिनिटापूर्वीच आलं होतं, म्हणजे तेही बसलेले. भांडखोरही. म्हणजे तो होता. बोलत नव्हता, पण होता. भिंतीपलीकडे कोणी श्वास घेत असावं तसा.

मी लिहीत गेले. कुठे कोण पुढे, किती फेऱ्या उरल्या, उरलेल्या पेट्या कुठल्या भागातल्या. सगळं बिनचूक लिहिलं. एकोणीस हलेना आणि ओळ येईना. आणि मग एका टोकाच्या मतदारसंघातून बातमी आली: फेरमोजणी झाली आणि दोन्ही उमेदवारांना सारखीच मतं.

मतं समान पडली तर काय करायचं, ते मला माहीत होतं. नियमात स्वच्छ लिहिलंय. पण माझी बोटं थांबली.

मी आयुष्यात कधी मुद्दाम चुकीचा आकडा लिहिलेला नाही. एका हॉटेलवाल्यानं पेढ्यांचा डबा पुढे सरकवला होता तेव्हाही नाही. चुकीचं मोजमाप लिहिणं म्हणजे कोणाला तरी घाण पाणी पाजणं, असं मी मानते. आणि तरी मी लिहिलं—

‘मतं समान पडली आहेत. आता तिथे पुन्हा मतदान घ्यावं लागेल.’

कळ दाबली. गाल तापले.

मास्तर म्हणाले, ‘छान.’

भांडखोर म्हणाला, ‘सगळे चोर.’

बाकी काही नाही. मी कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघत राहिले. आणि एकोणीसचे अठरा झाले.

गेला.

मी खुर्चीत मागे टेकले. म्हणजे चूक बघूनही त्याला काही वाटलं नाही. प्रयोग संपला. ते खोटं वाक्य पुसायला हवं होतं, पण हात उचलेना. तेवढ्यात खिडकीत बाटल्या घेऊन दोघं आले, त्यांचे नमुने घेतले, मग आणखी एक बाई आल्या...

त्या गेल्यावर खिडकीत एक ओली छत्री आली. तिच्यामागे एक हात, हातात सरबताची जुनी बाटली, आत फिकट तपकिरी पाणी.

“नमुना द्यायचा आहे,” आवाज धापा टाकत म्हणाला.

मी वर बघितलं. शर्ट आज पांढरा होता. कान तेच.

“कुठला?” मी विचारलं. आवाज माझाच होता, पण फार लांबून आल्यासारखा.

“घरचा. नळाचा.” त्यानं दम खाल्ला. “आणि मतं समान पडली तर पुन्हा मतदान होत नाही. चिठ्ठी टाकतात.”

“माहीत आहे मला.”

“माहीत—?” त्यानं छत्री मिटली, उघडली, पुन्हा मिटली. “मग लिहिलंत का तसं?”

मी बाटलीवर चिकटवायची चिठ्ठी शोधत राहिले. ती समोरच होती.

“मुद्दाम?” तो हळूच म्हणाला.

“मुद्दाम.”

“आणि मी बसची वाट न बघता धावत आलो! म्हटलं, ही बाई असं लिहितेय म्हणजे हिला बरं नाही. ताप-बीप आला असणार.”

“ताप-बीप काही नाही.” मग राहवलं नाही. “खाली एक ओळ लिहायची होती ना. नेहमीसारखी.”

“लिहिता येत नाही आता.” त्यानं खिडकीच्या कडेवर बोट फिरवलं. “त्या दिवशी गॅलरीतून टेबलाला खूण झाली, म्हणून चौकशी झाली. फोन बघितला, तुमचं पान निघालं. सभागृहाच्या कर्मचाऱ्यानं कामकाजावर जाहीर लिहू नये, असा नियम आहे. जुनाच आहे. मी आपली मनाची समजूत घालत होतो की ही मतं नाहीत, दुरुस्त्या आहेत. लेखी समज मिळालीय. पुन्हा लिहिलं तर घरी.”

“माझ्यामुळे झालं.”

“तुम्ही हात वर केलात. वर मी बघितलं.” तो पहिल्यांदाच हसला. “पान उघडलं की हात शिवशिवायचे, म्हणून उघडणंच सोडलं. आज निकाल... आज नाही राहवलं.”

बाहेर पन्हाळीतून पाणी गळत होतं. मी त्याची बाटली घेतली. बाटली हातात देताना त्याची बोटं क्षणभर तिथेच राहिली. गार होती.

“एक वाक्य निसटलं माझं त्या दिवशी,” तो म्हणाला. “इतक्या वर्षांत पहिलंच. मागाहून ध्वनिमुद्रण ऐकून भरलं.”

“कुठलं वाक्य?”

“आजोबांचा सहावा शेवटचा मुद्दा.”

“सहावा!” मी जवळजवळ ओरडले. “म्हणजे सहा झाले?”

“सहा. तुम्ही पाच, मी चार. दोघंही चुकलो.”

“माझं उत्तर जास्त जवळचं आहे.”

“‘जवळचं’ असं ठरलं नव्हतं, मोजपट्टीबाई. ‘चुकेल त्यानं’ असं ठरलं होतं. दोघंही चुकलो, म्हणजे समान. आणि समान झाल्यावर काय करतात?”

मी कागदाचे दोन तुकडे केले, दोन टोपणनावं लिहिली, घड्या घालून एका स्वच्छ चंचुपात्रात टाकली. त्यानं डोळे मिटून एक काढली. निघाला पोटनियम.

“आलोच,” तो म्हणाला, आणि समोरच्या टपरीवरून दोन चहा घेऊन खरंच आला. दाराशी उभा राहिला. “आत आलं तर चालतं का? तसा काही नियम...”

“स्टुलावर बसायचं, यंत्राला हात लावायचा नाही, झोप आली तर बाहेर जायचं.”

“झोप नाही यायची.”

“सगळे हेच म्हणतात.”

तो बसला. नमुना यंत्रात ठेवला. आकडा खालीवर हलायला लागला. तो माझ्या पडद्याकडे बघत होता आणि बघत नाही असं दाखवत होता.

“समज मी तीनदा वाचली,” तो चहाच्या कपाकडे बघत म्हणाला. “लिहिण्याबद्दल आहे. बोलण्याबद्दल काही नाही. म्हणजे तुम्ही चुकलात तर मी इथे बसून—”

“नाही,” मी म्हटलं. “मग ते तुमचंच लिहिणं झालं. तुमची नोकरी माझ्या पानापेक्षा मोठी आहे. मी स्वतः तपासून लिहीन. चुकले तर चुकू दे.”

त्याचा चेहरा पडला. “मग मी इथे काय करू?”

“बसा.” मी यंत्राकडे बघत म्हटलं. “चुका सांगायला कोणीतरी मिळेल हो... नुसतं बसायला कोणी नसतं इथे.”

त्याचे कान तेवढे लाल होऊन बोलले.

“अधिवेशन संपेपर्यंत मी रोज वर बघायचो,” तो म्हणाला. “पाळी संपून उठताना. गॅलरीकडे.”

“आणि?”

“आणि तिथे रोज शाळेच्या सहली.”

मी हसले. तोही हसला. या भिंतींनी आता दोन माणसांचं हसणं ऐकलं. मी पडद्याकडे वळून लिहिलं, ‘दुरुस्ती: मतं समान पडल्यास पुन्हा मतदान होत नाही, चिठ्ठी टाकतात. मघाचं वाक्य चुकीचं होतं आणि ती चूक माझीच.’ तिकडे त्या टोकाच्या मतदारसंघात चिठ्ठी काढत होते. मी तेही लिहिलं.

मास्तर म्हणाले, ‘छान.’

त्यानं खिशातून फोन काढला, बंद केला आणि बाटल्यांच्या शेजारी पालथा ठेवला. मग स्टूल थोडं पुढे ओढलं. चहा अजून गरम होता. यंत्रातला आकडा स्थिर झाला, तो मी त्याच्या बाटलीवर लिहिला. मग सवयीनं पानाच्या कोपऱ्यात बघितलं.

अठरा.